राजवाडा पाहायला जाताना (नवशिक्यांसाठी)

बहारीनमध्ये मुहर्रक नावाचं गाव आहे. मोत्यांच्या धंद्यावर उभे राहिलेले तिथले जुने वाडे डागडुजी करून, पाट्या लावून नीट मांडून ठेवलेत. एका वाड्यातून दुसऱ्याकडे जायला साडेतीन किलोमीटरची वाट आखलेली आहे आणि २०१२ पासून ती जागतिक वारशाच्या यादीतही आहे. तिथं वाडा कसा पाहावा हे कुणाला शिकवावं लागत नाही. चंद्रपुरात मात्र शिकवावं लागतं. इथं गोंडराजांचं अख्खं गाव तटाच्या आत आहे, पण वाट, वाडा आणि पाटी या तिन्ही गोष्टी एका जागी सापडतील या आशेवर येऊ नये.

आधी तयारी. मे महिन्यात येऊ नका. पारा ४७-४८ ला टेकतो तेव्हा इथली माणसंसुद्धा दुपारी वारसा वगैरे पाहत नाहीत, कूलर पाहतात. दुपट्टा घ्या, पाणी घ्या. इन केलेला शर्ट, बगलेत फाईल आणि हातात टेप असा अवतार कटाक्षाने टाळा. कारण पुढे येईल.

सुरुवात जटपुरा दरवाजापासून करा. शहराच्या चार दरवाजांपैकी हा उत्तरेचा. बाकीचे अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा. जटपुऱ्याला थांबून निरखायला वेळ कुठून काढायचा याची चिंता नको, तिथला ट्रॅफिक जाम तो काढून देतो. ऑटोत बसल्या बसल्या मान वर करा. दगडात हत्तींवर मात करणारा सिंह कोरलेला दिसेल. ते गोंडराजांचं राजचिन्ह. मागचा हॉर्न वाजवू लागला की दर्शन संपलं असं समजावं.

नंतर कुणीतरी तुम्हाला सशाची गोष्ट सांगेल. गोंडराजा खांडक्या बल्लाळशहाच्या शिकारी कुत्र्याच्या मागे कपाळावर चांद असलेला ससा लागला, तो जिथून जिथून धावला तिथून तट बांधला, अशी ती गोष्ट. तटाची लांबी सांगणारे अकरा किलोमीटर सांगतात. सशाच्या दमसासाबद्दल शंका काढू नये. खांडक्याच्या अंगावरचं दुखणं झरपट नदीच्या पाण्याने बरं झालं आणि म्हणून राजधानी बल्लारपूरहून इकडे आली, हेही त्याच दमात ऐकून घ्यावं. तटाचं काम पुढच्या पिढ्यांनी पुरं केलं. म्हणजे चंद्रपुरात बांधकाम रखडण्याची परंपरा राजमान्य आहे.

दरवाजांखेरीज पाच खिडक्या आहेत: चोर, विठोबा, हनुमान, मसण आणि बगड. खिडकी म्हटल्यावर गज आणि पडदे शोधणारे पाहुणे दरवर्षी येतात. या खिडक्यांतून माणसं जातात-येतात. मसण खिडकीतून कोण जातं ते विचारू नये.

अंचलेश्वर दरवाजाजवळ गोंडराजांच्या समाध्या आहेत. त्यांतली मोठी बीरशहाची, त्याच्या मागे राणी हिराईने बांधलेली. इथं आलेला प्रत्येक पाहुणा पाचव्या मिनिटाला ‘म्हणजे उलटा ताजमहालच की!’ असं म्हणतो आणि आपल्यालाच सुचलं म्हणून खूश होतो. तुम्ही म्हणू नका. हिराईने नवऱ्यामागे राज्यही चालवलं. तिच्याबद्दल बोलायला ताजमहाल कशाला लागतो?

आता तट. काही वर्षांपूर्वीपर्यंत बुरूज झाडोऱ्यात हरवले होते. मार्च २०१७ मध्ये बंडू धोतरे यांच्या इको-प्रो संस्थेच्या पोरांनी कुऱ्हाडी-फावडी घेऊन साफसफाई सुरू केली, रोज सकाळी, महिनोन्‌महिने. त्याच वर्षी ‘मन की बात’मध्ये त्यांचं नाव आलं. त्यामुळे आज तटावरून चालता येतं. चालताना डाव्या-उजव्या हाताला लोकांची घरं लागतात आणि तिथं तुमच्या पोशाखाची परीक्षा होते. ओट्यावर गहू निवडत बसलेली आजी मान वर करते.

‘काहून जी, मोजाले आले का?’

‘नाही आजी, पाहाले आलो.’

‘मंग आमची भिंत पडून राहिली, तेच पाहून घ्या ना.’

ही थट्टा नाही. संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही, दुरुस्तीलाही परवानगी लागते. त्यापुढच्या दोनशे मीटरांतही विचारूनच वीट लावायची. तट पुरातत्त्व खात्याचा आणि घर आजीचं. पावसाला हा फरक कळत नाही. फाईलवाला माणूस दिसला की गल्ली का चिडीचूप होते, ते आता कळलं असेल. फोटो काढायचा तर आधी विचारा, आणि आजीने भिंत दाखवली तर तीही मन लावून पाहा. चहा नाकारू नका.

एवढं हिंडल्यावर तुम्ही विचाराल, की राजा राहायचा कुठं? राजवाडा होता तिथं आज जिल्हा कारागृह आहे. गोंडांनंतर १७५१ साली राज्य भोसल्यांकडे गेलं, १८५३ नंतर इंग्रजांकडे, आणि भक्कम भिंतींचं काय करावं हे इंग्रजांना बरोबर कळायचं. वाडा पाडला नाही, त्याचं संग्रहालयही झालं नाही. रिकामा मात्र कधी पडला नाही. मुहर्रकच्या वाड्यांना हे जमलेलं नाही.

आत जायचे मार्ग मोजके आहेत. गुन्हा करणे, हा खात्रीचा. पण मुक्काम किती, ते आपल्या हाती राहत नाही. कारागृह खात्यात नोकरी मिळवणे, याला वयाची अट आहे. तिसरा मार्ग मोहरमचा. आत एक दर्गा आहे आणि मोहरमच्या दिवसांत त्याच्यासाठी जेलचा दरवाजा सगळ्यांना उघडतात. हिंदू, मुसलमान, लेकरंबाळं, सगळे रांगेत. मोबाईल मात्र घरी ठेवा. तारीख दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, तेव्हा गेल्या वर्षीच्या कॅलेंडरवर विसंबू नका.

२१ ऑक्टोबरची तारीख मात्र पक्की. १८५८ साली त्या दिवशी इंग्रजांनी त्यांच्याविरुद्ध बंड करणाऱ्या बाबूराव शेडमाके यांना याच जेलच्या पिंपळाला फाशी दिलं. त्या दिवशी गडचिरोलीच्या जंगलपट्टीतून माणसं गाड्या भरून येतात. त्यांना ‘काय पाहायला आलात’ असं विचारू नका. पिवळे झेंडे असतील, गोंडीत घोषणा असतील. आपण बाजूला उभं राहावं.

सरकारी नोकरांसाठी एक सूचना. रजेच्या अर्जात ‘जेलमध्ये जायचे आहे’ असं मोघम लिहू नका. ४८ तासांपेक्षा जास्त कोठडी झाली की नोकर निलंबित समजला जातो. मोहरमची रांग कितीही लांब असली तरी त्याच्या आत आटोपते, एवढं साहेबांना तोंडी सांगून ठेवा.