अमावास्येचा माणूस

नवं कॅलेंडर घरी आलं की आपण आधी सुट्ट्या बघतो. हा माणूस अमावास्यांना लाल पेनाने गोल करतो.

पुण्यातल्या सोसायटीच्या गच्चीवर 8 इंची दुर्बीण लावून ग्रहांचे आणि दीर्घिकांचे फोटो काढणारी ही जमात. यांचं पंचांग आपल्या नेमकं उलटं. कोजागरीला अख्खी सोसायटी गच्चीवर मसाला दूध पीत असते, तेव्हा हे खाली सुतकी चेहऱ्याने बसलेले. एवढ्या चांदण्यात देवयानी दीर्घिका काय कप्पाळ दिसणार? लक्ष्मीपूजनाला आकाश हवं तसं काळंकुट्ट, तर फटाक्यांचा धूर. त्या रात्री हे फुलबाजी धरलेल्या सख्ख्या नातवाकडेही संशयाने बघतात.

लिफ्ट गच्चीपर्यंत जात नाही. त्यामुळे तिपाई, वजनं, बॅटरी, लॅपटॉप आणि कासवछाप एवढा संसार जिन्याने वर जातो. मग दुर्बिणीचा आस ध्रुवाच्या रोखाने लावायचा. ध्रुवतारा पुण्यातून क्षितिजाच्या जेमतेम 18.5 अंश वर, म्हणजे बरोब्बर शेजारच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीमागे. ती टाकी बदलायचा ठराव झाला तेव्हा पेढे यांनी वाटले. नवी टाकी दोन फूट उंच निघाली.

गुरूचा फोटो म्हणजे खरं तर व्हिडिओ असतो. हजारो फ्रेम घ्यायच्या, हवा स्थिर असतानाच्या निवडक तेवढ्या संगणकाने वेचून एकावर एक रचायच्या. पण हा बाबा 10 तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे दोन-तीन मिनिटांत उरकलं नाही तर पट्टे फिसकटतात. तेवढा वेळ गच्चीवर कुणी चालायचं नाही. वाळलेले कपडे काढायला आलेल्या काकूंना, "आहात तिथेच थांबा! पाय हलवू नका!" अशी आरोळी ऐकू येते आणि काकू साप निघाल्यासारख्या थिजतात. त्यातून दिवसभर तापलेला स्लॅब रात्री वाफा सोडतो आणि पडद्यावरचा गुरू थरथरत राहतो. यावर उपाय म्हणून हे संध्याकाळी गच्चीवर बादल्या ओततात. सेक्रेटरींच्या दोन नोटिसा त्याबद्दलच आहेत.

शनी दाखवायची यांना भारी हौस. काकू मात्र डोळा लावायला तयार नाहीत. "नको बाई, आधीच साडेसाती चाललीय, उगाच नजरानजर कशाला?" सेक्रेटरी आले ते नेमके 2025 साली, जेव्हा शनीची कडी पृथ्वीवरून आडवी, नुसती रेघ दिसत होती. खूप वेळ बघून म्हणाले, "गॅरंटीत असेल तर बदलून घ्या."

देवयानी आकाशात पौर्णिमेच्या चंद्राच्या सहापट लांब पसरलेली आहे, पण डोळ्याला दिसतो तो धुरकट डाग. रात्रभर उजेड गोळा करून आणि पुढे आठवडाभर लॅपटॉपशी झोंबून त्या डागातून हे खरोखर देखणी दीर्घिका बाहेर काढतात. हे मान्यच करायला हवं. फोटो सोसायटीच्या ग्रुपवर पडतो, खाली ओळ : "हा प्रकाश तिथून 25 लाख वर्षांपूर्वी निघाला."

पहिलं उत्तर : "छान! नासाचा का?"

मग यांचा चाळीस ओळींचा खुलासा. त्याखाली तिसऱ्या मजल्यावरून विचारणा : "रात्री वरच असता ना? मग टाकी भरली की जरा मोटर बंद करत जा."