जिओ-टॅग फोटो, तुला कान नाहीत

अक्षांश 15.46 उत्तर, रेखांश 75.01 पूर्व, धारवाड

जिओ-टॅग फोटो यास,

वर नमस्कार लिहिलेला नाही, आणि लिहिणारही नाही. तुझ्यावर माझा राग आहे. तुला ऐकू येत नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून लिहून कळवतो. तुझ्या कोपऱ्यात तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश आणि इवलासा नकाशा छापलेला असतो. कार्यक्रम कुठे झाला आणि किती वाजता झाला, हे तू बिनचूक सांगतोस. तिथे काय झालं असं विचारलं की तुझी दातखीळ बसते.

आमच्या हुबळी-धारवाडकडच्या कुठल्याही कॉलेजातला कार्यक्रम घे. आधी नाडगीत, म्हणजे कर्नाटकचं राज्यगीत. मग पाहुणे कुंडीतल्या रोपाला पाणी घालून उद्घाटन करतात. मग म्हैसुरी पेटा, शाल, फळांची करंडी. या प्रत्येक टप्प्यावर सगळ्यांना तुझ्यासाठी थांबावं लागतं. करंडी देणारा घेणाऱ्याकडे बघत नाही, घेणारा देणाऱ्याकडे बघत नाही. दोघंही मान वळवून तुझ्याकडे बघतात. एवढं झाल्यावर वक्ता बोलायला उभा राहतो आणि तुझं काम संपतं. तुझं संपलं की प्राचार्यांना बैठक आठवते, पहिल्या रांगेतले प्राध्यापक एकेक करून उठतात, आणि हजेरीसाठी आणून बसवलेली पोरं मागच्या दाराकडे बघू लागतात.

एका कॉलेजात तर वक्त्याला भाषणाच्या मध्यावर थांबवलेलं मी पाहिलं. मागचा बॅनर फोटोत पुरता येत नव्हता म्हणून त्यांना दोन पावलं बाजूला व्हायला सांगितलं. पुढच्या खुर्च्या रिकाम्या दिसत होत्या म्हणून मागच्या बाकांवरच्या मुलींना उठवून पुढे बसवलं. वक्ते तोवर अर्ध्या वाक्यावर उभे. ते शेतकऱ्याच्या कर्जाबद्दल बोलत होते आणि एका घराची हकिकत सांगायच्या बेतात होते. पुन्हा सुरुवात झाली तेव्हा त्यांनी ती सोडून दिली. त्या दिवशीच्या अहवालात तू आहेस. ती हकिकत कुठेच नाही. ती चोरी तुझी आहे.

तुला एवढं माजवलं कुणी, तेही उघड बोलू. नॅक ही कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था 1994 मध्ये बेंगळुरूत स्थापन झाली. कॉलेजचा दर्जा बाहेरच्या जाणत्यांनी तपासावा, यात काहीच वावगं नव्हतं. 2017 मध्ये पद्धत बदलली. कॉलेजने स्वतः भरून पाठवायच्या आकड्यांना भाव आला, आकड्यांना पुरावा हवा झाला, आणि त्या दाराने तू आत शिरलास. पाच वर्षांतल्या प्रत्येक कार्यक्रमाचं परिपत्रक, हजेरीपट, अहवाल आणि तू. योगासनांचा रकाना आहे, आरोग्याचा आहे, राष्ट्रीय-आंतरराष्ट्रीय दिवसांचा आहे. 21 जूनला योग दिनही असतो आणि जागतिक संगीत दिनही, म्हणजे त्या दिवशी तुझी चंगळ.

आयक्यूएसीचं, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाचं काम ज्याच्या गळ्यात पडतं, तो प्राध्यापक रात्री अकरा वाजता तुझ्यासारख्या शेकडो फोटोंना नावं देत बसतो. त्याच्यावर माझा राग नाही. त्याचा वाचनाचा, दुसऱ्या दिवशीच्या तासाच्या तयारीचा वेळ तू खाल्ला आहेस. आणि हे सगळं खोटेपणाला आळा बसावा म्हणून! फेब्रुवारी 2025 मध्ये सीबीआयने नॅकच्या तपासणी पथकातल्याच माणसांना लाचेच्या आरोपावरून अटक केली. प्रकरण आंध्रातल्या एका संस्थेच्या श्रेणीचं होतं. सांग, तेव्हा तुझे अक्षांश-रेखांश कुठे गेले होते?

आता तू ज्या गावाचा नकाशा कोपऱ्यात मिरवतोस, ते गाव कोणतं आहे ते वाच. इथे सुभाष रोडवर मनोहर ग्रंथमालेचा माळा आहे. कन्नडमध्ये त्याला ‘अट्ट’ म्हणतात. जी. बी. जोशी आणि कीर्तिनाथ कुर्तकोटी यांच्याभोवती तिथे लिहिणारे लोक जमत. कर्नाटक कॉलेजातून शिकून गेलेल्या गिरीश कार्नाडांचं पहिलं नाटक ‘ययाती’ याच ग्रंथमालेने 1961 मध्ये छापलं. त्या माळ्यावर हजेरीपट फिरवला गेला नाही. साधनकेरीत द. रा. बेंद्रे राहत, घरात मराठी, कविता कन्नड, आणि मराठीतही पुस्तक लिहिलेलं. 1890 पासूनचा विद्यावर्धक संघ याच गावात आहे. इथला श्रोता जुना आणि खट आहे. वक्ता पोकळ असेल तर तो उठून जातो, भरीव असेल तर भाषणानंतर फाटकाशी गाठून वाद घालतो. कॉलेजातल्या पोरांना ही सवय लागायला हवी होती. तू त्यांना फक्त खुर्ची भरायला शिकवलंस.

आणि आपले जी. ए. कुलकर्णी. बेळगावचा हा माणूस वर्षानुवर्षं धारवाडच्या कॉलेजात इंग्रजी शिकवत होता. व्यासपीठ, सत्कार, समारंभ यांपासून ते आयुष्यभर लांब राहिले. ‘काजळमाया’ला मिळालेला साहित्य अकादमीचा पुरस्कारही त्यांनी परत केला. तुझ्या रकान्यात त्यांच्या नावापुढे शून्य पडलं असतं. पण हाच माणूस पानंच्या पानं पत्रं लिहायचा, ती पत्रं पुढे पुस्तकरूपाने आली, आणि ती वाचताना कळतं की समोरच्या एका माणसाला त्यांनी किती वेळ दिला होता. विद्यार्थ्याला बरं वाटावं म्हणून कॉलेजने काय करावं, याचं उत्तर मला त्या पत्रांत सापडतं. तुझ्यात सापडत नाही.

30 ऑगस्ट 2015 रोजी याच गावात, कल्याणनगरमधल्या घराच्या दारात, कन्नड संशोधक एम. एम. कलबुर्गींना गोळ्या घातल्या. कर्नाटक विद्यापीठात त्यांनी आयुष्य घालवलं होतं. त्यांचं बोलणं लोकांच्या कानांपर्यंत पोचत होतं, म्हणूनच ते कुणाला तरी सहन झालं नाही. बोलण्याची इतकी किंमत मोजलेल्या गावात आज वक्त्याचं वाक्य बॅनरसाठी तोडलं जातं. याची तुला नाही, निदान तुला हातात धरणाऱ्यांना तरी लाज वाटायला हवी.

गाण्याचं तर विचारूच नकोस. मल्लिकार्जुन मन्सूर आणि गंगूबाई हनगल, दोघांचीही नावं कर्नाटक विद्यापीठातल्या संगीताच्या शिक्षणाशी जोडलेली आहेत. मन्सूरांचा एखादा अनवट राग ओळखीचा व्हायला नव्या कानाला तासभर मुकाट बसावं लागतं, आणि तेवढ्यानेही काम भागत नाही. गंगूबाई हुबळीहून रेल्वेने कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे शिकायला जात. वर्षानुवर्षांच्या त्या शिक्षणाचा पुरावा त्यांच्या गळ्यात होता.

त्यांचीच एक आठवण तुला मुद्दाम सांगतो. 1924 मध्ये बेळगावला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, गांधीजी अध्यक्ष होते, आणि छोट्या गंगूने तिथे स्वागतगीत म्हटलं. ती तेव्हा अकरा वर्षांची होती. गाताना तिच्या मनात एकच धास्ती होती: आपल्या जातीमुळे, गाणं झाल्यावर आपल्याला जेवणाच्या जागेची साफसफाई करायला तर लावणार नाहीत ना? पुढे मोठेपणी गंगूबाईंनी स्वतः हे सांगितलं, म्हणून आपल्याला कळलं. तू त्या दिवशी तिथे असतास तर काय टिपलं असतंस? मंडप, गर्दी, नेते, गाणारी मुलगी. तिची धास्ती तुला दिसली नसती. आजही दिसत नाही. मनःस्वास्थ्याच्या कार्यक्रमांचा साक्षीदार म्हणून तुला उभं करणं हाच मोठा अन्याय आहे, आणि या पत्राचं खरं कारणही तेच आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार 2022 या एका वर्षात देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. कॉलेजांना हे माहीत नाही असं नाही. विद्यार्थ्यांच्या शारीरिक आणि मानसिक स्वास्थ्यासाठी यूजीसीची मार्गदर्शक तत्त्वं 2023 मध्ये आली. 25 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. आदेश माणूस नेमण्याचा आहे. अनेक ठिकाणी उत्तर म्हणून तू पाठवला जातोस: 10 ऑक्टोबर, मानसिक आरोग्य दिन, बॅनर, तीनशे मुलं, हात वर करून शपथ.

त्या तीनशेत एक मुलगा असतो. समज, खानापूर किंवा निपाणीकडचा. घरी मराठी, शाळा मराठी. 2010 मध्ये राणी चन्नम्मा विद्यापीठ वेगळं होईपर्यंत बेळगावची कॉलेजं धारवाडच्या विद्यापीठाखालीच होती, त्यामुळे इकडे शिकायला येणं त्याच्या घराला नवं नाही. पण हॉस्टेलवर तो खोलीत एकटा पडतो, कन्नड अजून तोडकं, वर्गात इंग्रजी, दोन विषय राहिलेले, घरी सांगायची हिंमत नाही. त्या सभागृहात त्याला शपथ दिली जाते की तो आनंदी राहील. तो हात वर करतो. तू तो हात टिपतोस. तो सातवा हात डावीकडून, आणि तो कार्यक्रम संपल्यावर जेवायलाही जात नाही.

तो समुपदेशकाकडे का जात नाही, तेही तुझ्यामुळेच. समुपदेशन कक्षाच्या उद्घाटनाचा फोटो मी एक वेळ समजू शकतो. समुपदेशन चालू असतानाचा फोटो कशासाठी? समोर खुर्चीत मुलगी, टेबलापलीकडे बाई, आणि दारात मोबाइल धरून उभं कुणीतरी. फायलीसाठी मुलांना ‘जरा बसा’ म्हणून बसवून असे फोटो काढले जातात, हे मी शिक्षकांच्याच तोंडून ऐकलं आहे. ते नाटक असेल तर कागद खोटा. खरं असेल तर त्या मुलीचा विश्वासघात. एका पोरीचा फोटो निघाला ही बातमी हॉस्टेलच्या मेसमध्ये संध्याकाळपर्यंत पोचते, आणि पुढे वर्षभर त्या खोलीची पायरी कुणी चढत नाही. डिम्हान्ससारखी मानसिक आरोग्याची मोठी संस्था याच धारवाडात आहे. पण तिच्या फाटकापर्यंत एकट्याने जायचा धीर एकोणीस वर्षांच्या पोराला कुठून येणार? त्याच्यासोबत बसने जाणारं कुणीतरी कॉलेजात हवं. अशा सोबतीला तुझ्या फायलीत रकाना नाही.

म्हणून प्राचार्यांना आणि नॅकच्या पथकालाही, तुझ्यादेखत, सांगतो. पुढच्या वेळी याला मागू नका. समुपदेशकाचं नेमणूकपत्र मागा. पूर्णवेळ आहे की तासिकेवर ते बघा, पगार महिन्याच्या महिन्याला होतो का ते विचारा, आणि मुलाशी मराठीत, कन्नडमध्ये, हिंदीत बोलणारं कुणी आहे का तेही. आठवड्यात त्या खोलीचं दार किती तास उघडं होतं त्याचा आकडा घ्या. आत कोण आलं त्यांची नावं घेऊ नका. वक्त्याबद्दल विचारायचं असेल तर कोणत्याही दोन मुलांना बोलवा आणि भाषणातलं काय पटलं नाही ते विचारा. टेलि-मानस या सरकारी मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक हॉस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर, पाहुण्यांच्या नावांपेक्षा मोठ्या अक्षरांत लावा.

आणि तू. तुला सुरुवातीची पाच मिनिटं मिळतील. वक्ता बोलायला किंवा गाणारा तंबोरा जुळवायला बसला की तू सभागृहाच्या बाहेर जायचंस, आणि समुपदेशकाच्या खोलीकडे कधीही फिरकायचं नाहीस.

धारवाडचा एक श्रोता