विसाव्याचा तास

शाळा सुटून आलेलं मूल दमलेलं असतं, ही पालकांनी उठवलेली अफवा आहे. आमचा चौथीतला थोरला घरात शिरतो तो दप्तर सोफ्यावर भिरकावत आणि एक बूट जिन्यात, दुसरा स्वयंपाकघरात काढत. त्याच्या मागून पहिलीतली धाकटी येते, तिच्या मागून तिची तक्रार येते आणि सगळ्यांच्या शेवटी त्यांना आणायला गेलेले आजोबा येतात. दमलेले असतात ते आजोबा. पण खाऊ आणि सहानुभूती मिळते ती पोरांना.

"अहो, पोरं दमून येतात की. जरा रिलॅक्स व्हायला नको त्यांनी?" असं बायको म्हणते आणि तिथून पुढे आमच्या घरात खरी दमायला सुरुवात होते.

बेळगावच्या पोरांच्या डोक्याला विसावा हवा, हे मलाही मान्य आहे. मराठी शाळेत घातलं तरी कानडी सुटत नाही आणि इंग्रजीही सुटत नाही. तीन-तीन लिप्यांत शुद्धलेखन चुकवायचं म्हणजे काही खायचं काम नाही. पोरांनी मात्र या भाषांची आपापसांत झकास वाटणी करून टाकली आहे. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये अपील इंग्रजीत होतं, भांडण मराठीत होतं आणि चेंडू शेजारच्या काकांच्या खिडकीतून आत गेला की माफी कानडीत मागितली जाते. काका अस्सल मराठी आहेत, तरी कानडीतच. कानडीत ओरडायला त्यांना शब्द शोधावे लागतात आणि तेवढ्यात पळता येतं.

तर बायकोनं कुठल्याशा व्हॉट्सअॅप ग्रुपवर वाचून फ्रिजवर एक वेळापत्रक चिकटवलं. साडेचार ते पाच खाणं. पाच ते सहा मुक्त खेळ. कोणते खेळ मुक्तपणे खेळायचे याची यादी खाली जोडली होती. सहा ते साडेसहा पालकांशी निवांत संवाद. या संवादासाठी वडिलांनी ऑफिसातून वेळेवर यावं, अशी लाल अक्षरांत तळटीप होती.

मी वेळेवर आलो आणि निवांत संवाद सुरू केला.

"आज शाळेत काय झालं?"

"काय नाही."

"काहीतरी झालं असेल की."

"मधली सुट्टी झाली."

"मग मधल्या सुट्टीत काय झालं?"

"घंटा झाली."

उरलेली मिनिटं आम्ही दोघांनी घड्याळाकडे बघण्यात घालवली. संवाद निवांत झाला, हे खरं.

वेळापत्रकात फिरायचे वारही लावून दिले होते. पहिला आला बागेचा वार. टिळकवाडीतला व्हॅक्सिन डेपो म्हणजे आमच्याकडे झाडीत फिरायची हक्काची जागा. तिथे एके काळी देवीची लस तयार होत असे. आता तिथे लोक साखर कमी करायला चालतात. पोरांना झाडाखाली उभं करून आम्ही म्हणालो, "खेळा." थोरला म्हणाला, "काय खेळू?" "काहीही खेळ की." "काहीही म्हणजे काय, ते सांगा." शेवटी आजोबांनी सात चपटे दगड गोळा केले आणि लगोरी कशी खेळतात ते दाखवायला घेतलं. दाखवता दाखवता मी एका बाजूला, बायको दुसऱ्या बाजूला आणि आजोबा पंच, असा डाव रंगला. लगोरी पूर्ण लागली होती की वरचा दगड आधीच घसरला होता, यावरून आमच्या दोघांत जे काही झालं ते इथे सांगण्यासारखं नाही. बायको घरी येईपर्यंत माझ्याशी बोलली नाही. पोरं बाकावर बसून चुरमुरे खात होती. येताना धाकटी आजोबांना म्हणाली, "उद्या परत यांना आणूया काय?"

किल्ल्याच्या वारी मी स्वतः पुढाकार घेतला. आधी किल्ल्याजवळच्या तलावाकाठच्या ध्वजाच्या खांबाची उंची सांगितली, 110 मीटर. मग किल्ल्यात जाऊन कमल बस्ती दाखवली. म्हटलं, बघ, हे जैन मंदिर रट्टांच्या काळातलं, 1204 सालचं. छतातलं दगडी कमळ बघ. थोरल्यानं मान वर करून ते बराच वेळ बघितलं. मला भरून आलं. मग त्यानं विचारलं, "हे पेपरात येणार काय?" येणार नाही म्हटल्यावर त्यानं मान खाली घेतली.

वाचनालयाचा वार फार टिकला नाही. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय 1848 सालचं. एवढ्या जुन्या संस्थेत शांतता पाळावी, हे धाकटीला पटलं नाही. त्याच आठवड्यात मी घरी 'रावसाहेब' लावून दिले. पु. ल. बेळगावात राणी पार्वती देवी कॉलेजात शिकवत होते, 'गणगोत'मधले रावसाहेब इथलेच, असं सगळं सांगितलं. मी आणि आजोबा हसून हसून डोळे पुसत होतो. थोरला म्हणाला, "यात हसायचं काय आहे? आमच्या गल्लीत सगळे असंच बोलतात की."

संध्याकाळी सात वाजता टीव्हीचा रिमोट निघतो आणि आमच्या घराचा सीमाप्रश्न पेटतो. कार्टून की मालिका, या वादात आज्जीची एकसदस्यीय समिती नेमली गेली. तिनं दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि साडेसातपर्यंत कार्टून, पुढे मालिका, असा निवाडा दिला. 1967 साली महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादावर महाजन आयोगाचा अहवाल आला तेव्हा एका राज्यानं तो डोक्यावर घेतला आणि दुसऱ्यानं फेटाळून लावला. आमच्याकडेही तेच झालं. फरक इतकाच, की मूळ वाद 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि आमचा अजून आजोबांच्या उशीखाली आहे.

सुट्ट्यांतही ही सीमा आडवी येतेच. आमच्या पोरांना दसऱ्याची सुट्टी मोठी, दिवाळीची चिमूटभर. सीमेपलीकडे, महाराष्ट्रातल्या कागलला माझी मेहुणी असते. तिच्या पोरांची मोठी सुट्टी दिवाळीत. अंतर म्हणाल तर निपाणीपासून, म्हणजे माझ्या सासुरवाडीपासून, कागल साधारण वीस किलोमीटर. ऑक्टोबरात आमची मोकळी असतात तेव्हा ती बाकावर बसलेली असतात आणि दिवाळीत ती आमच्या अंगणात चिखल कालवून किल्ला बांधत असतात तेव्हा आमची दप्तर घेऊन निघालेली असतात. उन्हाळ्यातही तीच गत. आमची शाळा मे संपता संपता उघडते, त्यांचे आंबे जूनच्या मध्यापर्यंत चालतात. "आपण महाराष्ट्रात कधी जाणार?" हा प्रश्न या भागात अनेकांनी अनेक वर्षं विचारला आहे, पण जूनच्या पहिल्या आठवड्यात माझा मुलगा तो ज्या तळमळीनं विचारतो, तशी तळमळ मी सभांतसुद्धा ऐकलेली नाही.

एवढ्या खटपटीत माझ्या लक्षात एक गोष्ट आली. आमच्या गोतावळ्यात पोरांना विसावा देण्याची हातोटी फक्त त्या माणसांना आहे, ज्यांना तो द्यायचाच नसतो.

पहिली आज्जी. 11 जून 2023 पासून कर्नाटकात बायकांना सरकारी बसचा साधा प्रवास फुकट झाला आणि तिच्या गुडघ्यांना नवा जोर आला. तिला कुठे जायचं नसतं. आधार कार्ड घ्यायचं, धाकटीला घ्यायचं, खिडकी धरायची, शेवटच्या स्टॉपला उतरून चहा प्यायचा आणि परत यायचं. थोरल्याला ती नेत नाही, कारण त्याला अर्धं तिकीट पडतं. वाटेत ती धाकटीशी बोलतही नाही. शेजारच्या बाईला सुनेबद्दल सांगत असते. धाकटी खिडकीतून बघत ते सगळं ऐकते आणि रात्री आम्हाला जसंच्या तसं म्हणून दाखवते. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे समाधान असतं, ते व्हॅक्सिन डेपोत मी कधी पाहिलं नाही.

दुसरे माझे निपाणीचे सासरे. निपाणीला लागूनच अर्जुननगर आहे, देवचंद कॉलेज तिथलं. निपाणी कर्नाटकात आणि अर्जुननगर महाराष्ट्रात, कागल तालुक्यात. सासऱ्यांना डॉक्टरनी चालायला सांगितलंय. पोरं तिकडे गेली की संध्याकाळी ते काठी घेतात आणि नातवंडांकडे न बघताच म्हणतात, "मी जरा महाराष्ट्रात जाऊन येतो." पोरं चपला घालून मागे पळतात. ओळखीचं कुणी भेटलं की सासरे तंबाखूच्या भावावर बोलत थांबतात आणि पोरं तेवढ्यात एक पाय इकडे, एक पाय तिकडे करत दोन राज्यांत उड्या मारतात. रस्त्यावर रेघ कुठेच नाही. ती पोरांनी आपल्या सोयीनं ठरवलेली आहे आणि तिच्याबद्दल त्यांचं एकमत आहे.

हे सगळं मी सासूबाईंसमोर मोठ्या कौतुकानं मांडलं. म्हटलं, तुमच्या वेळी बरं होतं, मोठ्यांच्या कामाच्या कडेला बसून पोरं रमायची. सासूबाईंनी माझ्याकडे नीट बघून घेतलं. "कसलं रमायचं? शाळेतनं आलं की विड्यांच्या सुपाला बसायचं. आई वळायची, आम्ही तोंडं मिटायची आणि दोरा बांधायचा. हजार भरल्याबिगर उठायचं नाही. बोटं दुखायची, खोकला यायचा. तुम्हाला मजा वाटते काय?" निपाणीच्या कितीतरी घरांतली संध्याकाळ अशी गेली आहे. माझ्या सिद्धान्तात मी लगेच दुरुस्ती केली: काम मोठ्यांचंच असावं, पोरांचं नुसतं बसणं असावं.

अशी जागा आमच्या गल्लीच्या टोकाला आहे. पिठाची गिरण. एकदा ज्वारीचा डबा टाकायला निघालो तर दोघंही पाठोपाठ आली. मला दळण घेऊन लवकर परतायचं होतं, त्यामुळे त्यांच्याकडे लक्ष द्यायला वेळ नव्हता. आत पट्टा फटफटत होता. एक मावशी, "माझं गव्हावर गहूच घाला, ज्वारीवर घातलात तर घेणार नाही," म्हणून ठाण मांडून होत्या. गिरणीवाले मामा डोक्यापासून पायापर्यंत पांढरे, फक्त डोळे काळे. धाकटी वजनकाट्यावर चढली, उतरली, दप्तर घेऊन चढली, भावाला घेऊन चढली. थोरला उलट्या डब्यावर बसून रांगेत कुणाचा नंबर पुढे आहे ते बिनचूक सांगू लागला आणि मधे घुसू पाहणाऱ्या एका काकांना त्यानं मागे पाठवलं. कुणी त्यांना खेळा म्हणालं नाही, काय शिकलात विचारलं नाही. दळण झालं तरी ती निघेनात. भुवया पांढऱ्या करून घरी आली आणि शाळेत काय काय झालं ते न विचारता सांगायला लागली, भाकरी थापून होईपर्यंत.

बायकोला हे सांगितलं. ती खूश झाली आणि तिनं फ्रिजवरच्या कागदावर लिहिलं: शुक्रवार, सहा ते सात, गिरण (पालकांसोबत).

शुक्रवारी पोरं गिरणीत यायला तयार नाहीत.

तेव्हा पालकहो, कागदावरचे वार खोडा. संध्याकाळी तुमच्या कामाला निघा, चांभाराकडे, गिरणीत, किंवा सोय असेल तर परराज्यात. पोरं मागे येतील. फक्त हे त्यांच्यासाठी चाललंय, असा संशय त्यांना येऊ देऊ नका.