जळमटं विकत घेणे आहे

अमेरिकेतल्या उपनगरातलं घर फार स्वच्छ असतं, ही तिथली ऑक्टोबर महिन्यातली मोठी अडचण आहे. ३१ तारखेला हॅलोविन. दारात भुतं यायची, तर घर कसं पडकं हवं. भिंतींना ओल, खिडकीची एक फळी निखळलेली, ओसरीत कोळिष्टकं. पण घर घेतलेलं असतं ३० वर्षांच्या कर्जावर आणि त्याला पडायची परवानगी बँक देत नाही. मग पडकेपणा घरच्या घरी तयार करावा लागतो. सोप्या पद्धतीने, कमी खर्चात, मुलांना सोबत घेऊन.

यावरचा सल्ला सप्टेंबरपासूनच वाहू लागतो आणि त्याची पहिली ओळ ठरलेली: घरात असलेल्याच वस्तू वापरा. पुढे यादी. हॉट ग्लू गन. काळा स्प्रे पेंट. बॅटरीवर लुकलुकणाऱ्या खोट्या मेणबत्त्या. प्लास्टिकचे बुबुळ हलणारे डोळे. चक्का बांधायला घेतो तसलं विरळ कापड, पण नवीन, कारण ते फाडायचं असतं. नवं कापड आणा, कात्रीने चिंध्या करा, जुनाट दिसावं म्हणून रात्रभर चहाच्या पाण्यात बुडवा, मग दारावर टांगा. घरातलं खरोखर जुनं, खरोखर चहा सांडलेलं फडकं चालत नाही. ते घाण दिसतं.

हे सगळं मी एक वेळ सोडून देईन. माझं भांडण जाळ्याशी आहे.

जाळं म्हणजे कोळ्याचं. ते तिकडे पिशवीत मिळतं. पांढऱ्या पॉलिएस्टरचा मऊ गोळा आणि सोबत काळे प्लास्टिकचे कोळी, बहुधा एखादा पाय आधीच तुटलेला. कृती सोपी. गोळ्यातून चिमूटभर घ्या, एक टोक खिळ्याला अडकवा आणि ताणा. ताणत राहा. जितकं ताणाल तितकं खरं वाटेल. नवखा माणूस मध्येच कंटाळतो आणि त्याच्या झुडपावर नुसता कापूस लोंबत राहतो. शेजारी येता-जाता बघतात, काही बोलत नाहीत, पण लक्षात ठेवतात.

आता याच घराच्या गॅरेजमागे, पाइपाच्या कोपऱ्यात एक खरा कोळी बसलेला असतो. कोळ्यांच्या कित्येक जाती रोज नवं जाळं विणतात आणि जुनं स्वतःच खाऊन टाकतात. साहित्य पोटातलं, कचरा शून्य, ग्लू गन नाही. 'घरच्या घरी, सोपी आणि स्वस्त सजावट' या स्पर्धेत त्याच्यासमोर कुणी टिकणार नाही. पण दर तीन महिन्यांनी कीटकनाशकवाला येतो आणि मुंग्यांबरोबर त्यालाही निकालात काढतो. तसा करारच असतो. म्हणजे कोळी मारायला पैसे, त्याचं जाळं काढायला लांब दांड्याचा ब्रश, मग नवं जाळं विकत आणि त्यावर बसवायला कोळीही विकत. वर घरमालकांचा संघ असतोच, ज्याला तिकडे सगळे एचओए म्हणतात. गवत वीतभर वाढलं की पत्र. कचऱ्याचा डबा रस्त्यावरून दिसला की पत्र. दाराच्या चौकटीला धुळीने काळी पडलेली खरी जळमटं लोंबली की कडक पत्र. आणि त्याच चौकटीला पॉलिएस्टरची जळमटं लावली की त्याच एचओएकडून उत्कृष्ट सजावटीचं बक्षीस. घराकडे दुर्लक्ष केलेलं चालतं, फक्त ते विकत आणलेलं हवं. पावती दाखवता आली पाहिजे.

मुळात हा सण फाटक्या खिशाच्या लोकांचा. १९व्या शतकात आयर्लंडमधून जगायला आलेल्या माणसांनी तो अमेरिकेत रुजवला. मायदेशी ते सलगम कोरून त्यात दिवा ठेवत. इथे भोपळा सापडला, तो मोठा आणि कोरायला सोपा, म्हणून भोपळा आला. शेतात आहे ते उचला आणि भोकं पाडा, झाली सजावट. त्याच सणावर २०२३ साली अमेरिकेत १२ अब्ज डॉलरांहून जास्त खर्चाचा अंदाज होता आणि त्यातले जवळपास ४ अब्ज नुसत्या सजावटीचे. स्वस्तात स्वस्त करूनसुद्धा ४ अब्ज. महाग केली असती तर काय झालं असतं, कल्पना करवत नाही.

आता आपला माणूस. न्यू जर्सीतलं एडिसन असो नाही तर टेक्सासमधलं डॅलस, त्याच्या घरी याच सुमाराला दिवाळी असते. २०२४ साली तर ३१ ऑक्टोबर ऐन दिवाळीतच आला. त्यामुळे घराच्या आत जळमटं काढण्याचं काम चालू आणि बाहेर जळमटं लावण्याचं. मधे फक्त एक दार. आणि त्या दारात उभ्या असतात आजी, सहा महिन्यांसाठी आलेल्या.

आता आजी झाडू घेऊन धावणार आणि सुनेची दोन तासांची मेहनत एका फटक्यात उतरवणार, असा विनोद तुम्ही एव्हाना मनात रचला असेल. तो राहू द्या. आजींना कामाला लावलेलं असतं. "आई, तुमचा हात किती हलका आहे," असं सून म्हणते आणि गोळा त्यांच्या मांडीवर ठेवते. आजींनी जन्मभर वाती वळल्या, देवासाठी कापसाची वस्त्रं केली, बोटाला दुधाचा थेंब लावून. चिमटीत कापूस किती धरायचा, कुठे ढिला सोडायचा, तुटायच्या आधी कुठे थांबायचं, हे त्यांना कुणी शिकवायला नको. दुपारभर त्या ओसरीत बसून असं जाळं ओढतात की कोळ्याने येऊन पाया पडावं. एक कठड्यावर, एक दिव्यावर, एक झुडपांवर, मग पलीकडच्या घरातली बाई बघायला येते आणि म्हणते, आमच्याकडेही करून द्याल का? सून हसून सांगते, "होममेड! ऑलमोस्ट फ्री!" आजी मान डोलावतात. त्यांना फ्री एवढाच शब्द कळतो, आणि तो आपल्याबद्दलच आहे हेही कळतं. संध्याकाळी खांद्याला बाम चोळताना त्या नवऱ्याला विचारतात, हे लोक जळमटं लावतात तरी कशाला? आजोबा सांगतात, भुतांना आवडावं म्हणून. एवढ्यावर विषय संपतो. सकाळी चकलीचा सोऱ्या वाट पाहत असतो. तीही होममेड, ऑलमोस्ट फ्री.

इथे मात्र माझा तोल जातो, आणि जाऊ दे. 'कमी खर्चात घरच्या घरी' असं जिथे जिथे लिहिलेलं असतं, तिथे कुणा तरी बाईची झोप हिशेबातून वगळलेली असते. रुखवत कमी खर्चात, मखर कमी खर्चात, फराळ कमी खर्चात. आता पुण्या-मुंबईच्या प्ले-स्कुलांनीही हॅलोविन उचलला आहे. आदल्या संध्याकाळी मोबाइलवर सूचना येते: मुलाने टाकाऊ वस्तूंपासून स्वतः बनवलेली एक भीतिदायक वस्तू आणावी, पालकांनी मदत करू नये. मूल तीन वर्षांचं. ते स्वतःचं नाक पुसू शकत नाही. रात्री साडेदहाला बाप दहा मिनिटांत घरपोच काळा कार्डपेपर मागवतो, आई कात्री घेऊन बसते आणि टाकाऊ वस्तू कुठून आणायची म्हणून नवा पेपर कप रिकामाच चुरगाळते. सकाळी मूल वटवाघूळ घेऊन जातं. मूल झोपेत, आई जागी, वटवाघूळ देखणं.

वटवाघळाचा विषय निघालाच आहे तर जाळ्याकडे परत जातो, आणि आता हसत नाही. पॉलिएस्टरचा तो धागा सहजी तुटत नाही, कुजत नाही. झुडपांवर पसरला की त्यात जिवंत प्राणी अडकतात: पक्षी, खारी, वटवाघळं आणि वीतभर उंचीची छोटी घुबडं. वटवाघळं आणि घुबडं रात्री उडतात, त्यांना हे दिसत नाही. पंख एकदा गुरफटला की जितकं फडफडावं तितका फास आवळतो. प्राणी वाचवणारी माणसं तिकडे घसा कोरडा करून सांगतात, तरी झुडपं पांढरी होतातच. दारावर काळ्या कागदाचं घुबड, खिडकीत काळ्या कागदाचं वटवाघूळ, मुलं त्यांच्याबरोबर फोटो काढतात. आणि दहा पावलांवर झुडपात खरं घुबड पोराबाळांच्या या सजावटीत गळफास लागून लटकलेलं. सगळी रात्र भुताखेतांची म्हणून साजरी करायची आणि रात्रीचा जो खरा रहिवासी आहे त्याला मारायचं. भीती वाटायला हवी ती याची. ती वाटत नाही, कारण ती पाकिटात मिळत नाही.

३१ तारीख सरली की भोपळे कचऱ्यात जातात, जाळं मात्र तसंच राहतं. ताणून लावायला सगळे असतात. काढायला कुणाला सवड नसते. नाताळचे दिवे त्याच्यावरूनच चढतात.

तेव्हा न्यू जर्सीतल्या, टेक्सासमधल्या माझ्या मराठी वाचकांनो, जाळं हवंच असेल तर घराच्या आत, खिडकीच्या काचेला लावा. झुडपांवर आधीच पसरलं असेल तर १ नोव्हेंबरच्या सकाळी काढा, सगळं, आतल्या फांद्यांतलंसुद्धा. आणि ते काम आजींना सांगू नका.