रोबोवाले काका

अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात दर चार सोसायट्यांआड एक रोबोवाले काका निघतातच. ऑर्डनन्समधून नाहीतर शेजारच्या मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरीतून रिटायर झालेले. उभा जन्म टूलरूममध्ये काढला, आता शाळा-कॉलेजच्या पोरांना रोबोच्या स्पर्धांसाठी तयार करतात. फी किती, असं विचारलं तर फटकारतात. १ ऑक्टोबर २०२१ ला आयुध निर्माणींचं बोर्ड जाऊन सात सरकारी कंपन्या झाल्या, पण काकांच्या तोंडी अजून 'आपली फॅक्टरी'च आहे. शर्टाच्या खिशात एक वेळ पेन नसेल, व्हर्निअर असणारच. चहाला बोलवावं तर बोलता बोलता बिस्किटाची जाडी मोजतात.

त्यांचा पेटंट प्रश्न एकच : "प्ले किती आहे?" रोबोचं चाक हातात धरून हलवतील आणि ते जरा डुगडुगलं की पोराकडे बघून विचारतील. मग हाच प्रश्न दाराच्या बिजागरीला, नातवाच्या हलणाऱ्या दाताला, नव्या रिक्षाच्या हँडलला. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या वेळेवरून भांडण जुंपलं तेव्हासुद्धा म्हणाले, "अहो सेक्रेटरी, थोडा प्ले ठेवा. अगदी टाइट केलं की जाम होतं."

त्यांची पंढरी म्हणजे उल्हासनगर. फर्निचर बाजारात प्लायचे उरलेले तुकडे मिळतात आणि भंगारवाल्याकडे जुन्या गाडीच्या वायपरची मोटर. ही मोटर हळू फिरते पण जोर दांडगा, त्यामुळे काकांचा तिच्यावर भारी जीव. भाव करताना ते सिंधी दुकानदाराशी मोडक्या सिंधीत बोलतात आणि तो त्यांना स्वच्छ मराठीत उत्तर देतो. घरी आल्यावर सगळा माल श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत जातो. पाहुण्यांपुढे काकूंनी एकदा मोठ्या हौसेने डबा उघडला, तर आत चार एमएमचे वॉशर.

खरी पंचाईत वजनाची. नियमात पाच किलो लिहिलेले असतात, काकांचा रोबो सात किलोच्या खाली येत नाही. पोरं म्हणतात, "काका, ॲक्रिलिक वापरू." काका म्हणतात, "तुटलं म्हणजे?" हॉलभर फिरून एक चेंडू टोपलीत टाकायचा असतो, पण काकांनी केलेली चॅसी तोफ ओढून नेईल. शेवटच्या रात्री कानस आणि ड्रिल घेऊन पट्ट्यांना भोकं पाडत बसतात. प्रत्येक भोकागणिक एक सुस्कारा.

स्पर्धेला जायचं तेही लोकलनेच. अंबरनाथला गाडी येते तीच बदलापूरची माणसं कोंबून. रोबोचं खोकं रॅकवर चढवायचं, बॅटरी काकांच्या मांडीवर. वायरी लोंबणारं खोकं बघून एकदा प्लॅटफॉर्मवर पोलिसाने अडवलं. काकांनी तिथेच खोकं उघडून रोबो चालवून दाखवला. पोलिसाने खूश होऊन मुलाच्या ॲडमिशनबद्दल विचारलं, काकांनी सविस्तर सांगितलं, आणि त्यात दोन गाड्या गेल्या.

एका कॉलेजातला किस्सा पोरं अजून सांगतात. काळ्या पट्टीवरून चालणारा रोबो घरी अगदी शहाण्यासारखा वळत होता, तिथे भरकटायला लागला. अशा रोबोच्या पोटाखाली इन्फ्रारेड सेन्सर असतात. पांढरी जमीन किरण परत फेकते, काळी पट्टी गिळते, त्या फरकावर त्याचं सगळं चालतं. खिडकीतून आलेल्या तिरप्या उन्हातही इन्फ्रारेड भरपूर, त्यामुळे सेन्सरला काळंसुद्धा पांढरंच दिसत होतं. प्रोग्राम लिहिणारी बदलापूरची मुलगी रडवेली होऊन लॅपटॉपवर आकडे बदलत होती. काकांनी छत्री उघडली आणि रोबोच्या डोक्यावर धरून त्याच्याबरोबर चालायला लागले. रोबो सुतासारखा सरळ! परीक्षक धावत आले, "काका, छत्री नियमात नाही." काकांनी लाल पेनाने रेघा मारलेलं नियमांचं पुस्तक काढलं. छत्री चालेल असं कुठे नव्हतं, चालणार नाही असंही नव्हतं. वाद रंगला. तेवढ्यात त्या मुलीने काळा पुठ्ठा कापून सेन्सरभोवती झालर चिकटवून टाकली. काका छत्री मिटून गप्प बसले. नंतर झालरीला बोट लावून म्हणाले, "चिकटपट्टी जरा आणखी लाव, प्ले आहे." नंबर आला नाही, पण घरी येईपर्यंत ते त्या झालरीबद्दलच बोलत होते.

त्यांची जुनी जखम मात्र २००८ ची. आशिया-पॅसिफिकच्या कॉलेजांची रोबोकॉन त्या वर्षी पुण्यात झाली. यजमान देशाने विषय ठरवायचा असतो, म्हणून विषय होता गोविंदा : रोबोंनी हंडी फोडून लोणी काढायचं. जिंकली शिआनच्या विद्यापीठाची टीम. "दहीहंडी आपली आणि लोणी नेलं चिनी पोरांनी!" हे वाक्य गोकुळाष्टमीला हमखास ऐकावं लागतं. २०१४ ला पुन्हा पुण्यातच झाली, तेव्हा व्हिएतनामने नेली. त्याविषयी ते बोलत नाहीत.

अटल टिंकरिंग लॅब आल्या, शाळेत थ्रीडी प्रिंटर आला. "छापलेला गिअर?" म्हणून काकांनी आठवडाभर नाक मुरडलं. हल्ली शाळा सुटली तरी प्रिंटरपुढे स्टूल टाकून बसतात, शिपाई किल्ल्या वाजवत उभा.

त्यांच्या हाताखालची पोरं आता पुण्यात, नाशकात इंजिनिअरिंगला आहेत. रात्री साडेदहाला फोन येतो, "काका, गिअरबॉक्स आवाज करतोय." काका चष्मा लावतात, ऐकायला का लागतो ते त्यांनाच ठाऊक. "फोन मोटरजवळ धर. आता फिरव. थांब... उलटा फिरव." काकू मुकाट्याने मालिकेचा आवाज बंद करतात. काका कान फोनला चिकटवून ओरडतात, "अगं, टीव्ही राहू दे, तो पंखा बंद कर! त्याचं बेअरिंग गेलंय!"