अठ्ठेचाळीसचा नवरदेव

लग्नाच्या बायोडाट्यातला मुलाचा पगार आणि बॅटरीच्या खोक्यावरचे व्होल्ट, दोन्ही सढळ हातानं लिहिलेले असतात. हे ज्ञान मला फुकट मिळालेलं नाही. जुन्या सागवानी फळ्या पडून होत्या, त्यांची पुस्तकांना मांडणी करू म्हणून नंदुरबारच्या बाजारातून बिनवायरची गोल करवत आणली. खोक्यावर ठसठशीत ‘48’. शेजारी नावाजलेल्या कंपनीचं खोकं, किंमत दुप्पट आणि आकडा जेमतेम ‘18’. निम्म्या पैशात अडीचपट ताकद! गणितात आपण शाळेपासूनच हुशार.

पहिली फळी निम्मी कापली आणि करवतीनं मान टाकली.

मग तळोद्याच्या ओळखीच्या मिस्त्रींना बोलावलं. इंग्रज अमदानीतल्या गॅझेटियरात तळोद्याची नोंद खानदेशातली लाकडाची मुख्य पेठ अशी आहे, तिथल्या बैलगाड्यांची तारीफही आहे. अशा गावच्या माणसानं यंत्राला हातसुद्धा लावला नाही. पिशवीतून एक मेलेली, उघडलेली बॅटरी काढून माझ्यापुढे ठेवली. ‘‘मोजा भाऊ.’’ आत सेल होते पाच. ‘‘ही पण अठ्ठेचाळीसचीच होती.’’

लिथियमच्या एका सेलचे व्होल्ट साधारण 3.6. पाच सेल एकामागे एक जोडले की झाले 18. पूर्ण भरलेला सेल 4.2 पर्यंत चढतो, तेव्हा पाचांचे होतात 21. म्हणजे कुणाचं 18, कुणाचं 20, कुणाचं 21, ही सगळी एकाच घरातली पाच भावंडं. कुणी उपाशीपोटी वजन सांगतो, कुणी जेवून उठल्यावर. खऱ्या 48 ला तेरा-चौदा सेल लागतात. माझ्या खोक्यावरचे वरचे 27 व्होल्ट निव्वळ छापखान्यात तयार झालेले.

विचारायचं असतं ते वेगळंच : अँपिअर-अवर किती? 18 व्होल्ट गुणिले 2 अँपिअर-अवर म्हणजे 36 वॅट-अवर. घरातला 9 वॅटचा बल्ब चार तास जळेल एवढी ही शिदोरी. तेवढ्यावर सागाच्या जाड फळ्यांची अख्खी चळत कापून मागायची म्हणजे वाटीभर भातात वऱ्हाड जेवू घालणं. पण अँपिअर-अवर बारीक अक्षरात तळाला, व्होल्ट कपाळावर.

सोयरिकीचे नियमही कडक. एका कंपनीची बॅटरी सहसा दुसरीच्या यंत्रात बसत नाही. सेल बहुधा सारखेच, पण खाचा वेगळ्या. बेटीव्यवहार जातीतच! म्हणून ड्रिल घेताना फक्त ड्रिल घेत नसता, अख्खं सासर घेता. उद्याची करवत, परवाचा ग्राइंडर, सगळं त्याच घरातून आणायचं. ‘नुसतं मशिन’ स्वस्त दिसतं तेही याचसाठी. बॅटरीचा हुंडा नंतर वसूल होतो.

शिवाय जावईबापू नाजूक. लिथियमची बॅटरी 45 अंशांच्या वर चार्ज करू नये म्हणतात. आमच्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा 42-43 ला टेकतो. पत्र्याच्या शेडमध्ये काय होत असेल, ते पत्र्यालाच ठाऊक. बरा चार्जर असेल तर तापलेली बॅटरी थंड होईपर्यंत हटून बसतो. आणि आपण ‘चार्जर बिघडला’ म्हणून त्याला दोन चापट्या मारतो.

आणि वायर गेली कुठे? यंत्रातून निघून चार्जरला चिकटली. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातल्या पाड्यांवर जिथं विजेचा भरवसा नाही, तिथं बिनवायरच्या यंत्राचा खरा उपयोग. पण ते भरायला आधी वायरवाल्या गावात उतरायचं! शेतकरी हे कधीच शिकलाय. त्याचा फवारणीचा बॅटरी पंप, 16 लिटरची टाकी आणि 12 व्होल्टची शिशाची बॅटरी, हेच आमच्या जिल्ह्यातलं सगळ्यात जुनं ओळखीचं बिनवायरचं अवजार. पण हंगाम संपला की पंप रिकाम्या बॅटरीनिशी कोपऱ्यात जातो. शिशाची बॅटरी रिकामी ठेवली की मरते. मग पुढच्या वर्षी कपाशीवर मावा येतो आणि पंप उठत नाही. शिव्या मात्र कंपनीला.

हे सगळं सांगून झाल्यावर मिस्त्रींनी माझ्या करवतीचं ब्लेड काढून उजेडात धरलं. दात बोथट, त्यावर चिकाचं काळं किटण. ‘‘कापतं कोण भाऊ, बॅटरी की दात?’’ बोथट दात लाकूड कापत नाहीत, घासतात. सगळी शिदोरी त्या घासण्यातच संपते. उभ्या रेषेत फाडायला कमी दात, 24 च्या आसपास. आडवं, स्वच्छ कापायला 40 किंवा 60. बॅटरीवर चालवायचं तर पातळ ब्लेड, कारण जेवढा भुसा कमी, तेवढी मेहनत कमी. आणि ब्लेडवर एक आकडा छापलेला असतो, मिनिटाला जास्तीत जास्त किती फेरे झेपतील त्याचा. हा आकडा खोटा सहसा नसतो, म्हणूनच बहुधा तो कुणी वाचत नाही. 11 हजार फेऱ्यांच्या ग्राइंडरला लाकडाचं दातेरी ब्लेड लावायचं, ‘मध्ये येतं’ म्हणून गार्ड काढून ठेवायचं आणि वर सुरुवात करताना नारळ फोडायचा, ही आमची सुरक्षा व्यवस्था.

दुसऱ्या दिवशी शहाण्यासारखा त्याच दुकानात गेलो. नवरदेवाची तक्रार केली नाही; बायोडाटा मीच नीट वाचला नव्हता. फक्त म्हटलं, ‘‘एक चांगलं ब्लेड द्या.’’

दुकानदारानं वर न बघता विचारलं, ‘‘किती व्होल्टचं देऊ?’’