पाय सांगून येत नाही!

कबड्डी रायगडच्या मातीतच आहे, असं आपण अभिमानानं सांगतो. मग पनवेल तालुक्यातल्या गावांत शिबिरात महिनाभर घाम गाळलेली पोरं पहिल्याच सामन्यात गडबडतात कशी?

पोरं कच्ची? छे. सराव कच्चा.

संध्याकाळी मैदानाच्या कडेला जरा उभे राहा. पंचवीस पोरं रांगेत. एक चढाईला येतो, डावा कॉर्नर घोटा धरतो, कव्हर धावून येतो, चढाईपटू आडवा. 'चल, पुढचा!' तीच चढाई, तोच पाय, तोच कॉर्नर. दहाव्या खेपेला पकड अशी बसते की सर खूश, पालकही खूश.

का नाही बसणार? कुठला पाय येणार, हे आधीच ठाऊक आहे.

सामन्यात पाय सांगून येत नाही. चढाईपटू बोनसचं आमिष दाखवतो. कॉर्नर झेपावतो, हातातला हात सुटतो, साखळी तुटते, दोघे बाद. बाहेरून आरोळी येते, 'अरे, एवढं शिकवलं ना!'

काय शिकवलं? पकडायचं कसं. आणि थांबायचं केव्हा, ते?

1994 साली अमेरिकेतल्या कॉलेजच्या बेसबॉलपटूंवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. एका गटाला दर सरावात एका प्रकारचे 15 चेंडू, मग दुसऱ्याचे 15, मग तिसऱ्याचे. दुसऱ्या गटाला तेच 45, पण सरमिसळ करून. सहा आठवड्यांनी पहिला गट सुधारला सुमारे 25 टक्के, दुसरा 57. चेंडू तेवढेच. पण दुसऱ्यांना दर चेंडूला डोकं चालवावं लागलं.

रमाकांत आचरेकर सरांना हे कुठल्या प्रयोगशाळेनं शिकवलं नव्हतं. सचिनला त्यांनी नेटमध्ये कोंडून ठेवलं नाही. स्कूटरवर बसवून या मैदानावरून त्या मैदानावर सामने खेळायला नेलं. स्टंपवरचा रुपया सगळ्यांना पाठ आहे. ते सामने मात्र कुणी मोजत नाही.

आता आरडाओरड्याकडे वळू. चुकलं की शिवी, नाहीतर मैदानाला पाच फेऱ्या. यानं पोरगं कणखर होतं म्हणे!

होत नाही. पुढच्या वेळी ते पकडायलाच जात नाही.

अमेरिकेत स्मिथ आणि स्मॉल या मानसशास्त्रज्ञांनी मुलांच्या बेसबॉल प्रशिक्षकांना काही तासांत एवढंच शिकवलं की प्रयत्नाला दाद द्या, चुकलं तर धीर द्या आणि दुरुस्ती दाखवा. 1992 च्या त्यांच्या अभ्यासात या प्रशिक्षकांची 5 टक्के मुलं पुढच्या हंगामात खेळायला आली नाहीत. इतर प्रशिक्षकांची 26 टक्के.

आपल्याकडे गळालेली पोरं कोण मोजतं? 'अभ्यास वाढला' म्हटलं की विषय संपला.

तेव्हा शिबिराची फी भरताना जर्सीचा रंग नंतर बघा. आधी विचारा, तासाभरात माझ्या पोराच्या वाट्याला चढाया किती येतात? सात विरुद्ध सात रोज खेळवता की शेवटची दहा मिनिटं, उरली तर?

आणि पकड फसल्यावर बोलतं कोण? बहुतेक ठिकाणी एकटे सर. साखळीतली सातही पोरं मान खाली घालून ऐकतात. कॉर्नर घाईनं झेपावला, हे शेजारच्या कव्हरनं हातभर अंतरावरून पाहिलेलं असतं. त्याला कुणी विचारलंय?